सिंकखालची मोटर

बाळ दीड महिन्याचं झालं आणि सावनी कामावर रुजू झाली. जावईही सकाळी आठलाच बाहेर पडायचे. अमेरिकेत ईडन प्रेरीच्या त्या घरात मग बाळ आणि सावनीची आई प्रतिमाताई, दोघंच उरत.

प्रतिमाताईंचे यजमान एकनाथराव सांगलीतच राहिले होते. अर्ज दोघांनी मिळून केला होता. व्हिसा मिळाला तो एकट्या प्रतिमाताईंना. पस्तीस वर्षांत एवढी ताटातूट झाली नव्हती. रविवारी फोन व्हायचा, पण सगळे भोवती बसलेले. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, यापुढे बोलणं सरकायचंच नाही.

सिंकखाली खरकटं भरडणारं डिस्पोझल होतं. आधी थंड पाणी सोड, मग बटण दाब, आणि धागे निघणारं काही टाकू नकोस, असं सावनीने बजावलं होतं. एका मंगळवारी खरकटं लोटताना आमटीतल्या शेवग्याच्या शेंगांचा चोथाही आत गेला. यंत्र घुमलं, अडकलं आणि गप्प झालं. सिंकमध्ये पाणी तुंबलं.

सावनीला मीटिंगमधून उठवायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी कॉलिंग कार्ड काढलं आणि सांगलीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. एकनाथरावांची हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेली, पण असलं यंत्र त्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी एकेक विचारत आणलं. बंद पडण्याआधी घुमली का? म्हणजे मोटर जळलेली नाही. आधी प्लग काढ. तळाला भोक आहे? त्यात बसेल अशी सहा कोनांची चावी जवळच कुठे असेल, बघ.

चावी कपाटातच सापडली. गुडघे टेकून प्रतिमाताईंनी ती डावीकडे-उजवीकडे फिरवली, चिमट्याने चोथा ओढून काढला, प्लग लावला आणि मोटर पुन्हा चालू व्हावी म्हणून यंत्राच्या तळाशी असलेलं लाल बटण दाबलं. पाणी सोडून यंत्र सुरू केलं, तर ते सुरळीत चाललं. त्यांनी रिसीव्हर सिंकजवळ धरला.

"आवाज बरोबर आहे," एकनाथराव म्हणाले.

काम झालं होतं, पण फोन कोणीच ठेवेना.

"अगं, मी अजूनही दोन कप चहा टाकतो," ते म्हणाले. "हात आपोआप तेवढंच पाणी घेतो."

"मग दुसऱ्या कपाचं काय करता?"

"पितो. टाकवत नाही."

पदराने डोळे पुसत प्रतिमाताई तशाच फरशीवर बसून राहिल्या.

त्या संध्याकाळी सावनीने मुक्काम तीन महिने वाढवायची गोष्ट काढली. प्रतिमाताईंनी बाळाला थोपटत सांगितलं, की ठरलेल्या तिकिटावरच त्या जाणार. सावनी हिरमुसली, पण तिने पुन्हा विचारलं नाही.

जायला अजून दोन महिने होते. प्रतिमाताई आता आठवड्यातून एकदा डिस्पोझलमध्ये बर्फाचे खडे आणि लिंबाची सालं फिरवून ते साफ करायच्या. यंत्र ठणठणीत होतं. तरी दर मंगळवारी सकाळी नऊला सांगलीहून त्याची चौकशी झाल्याशिवाय राहायची नाही.