तांब्याची चकती आणि लूपेची वार

९१ टक्के.

समाजगृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. अख्खं बेट चटयांवर मांडी घालून बसलं होतं. भिंतीवर साल कुटून केलेलं कापड उलटं टांगलेलं, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर बॅटरीवरच्या प्रोजेक्टरमधून उतरलेलं, सोनोग्राफीतलं, रेड्याएवढं एक बाळ पोटातल्या पोटात अंगठा चोखत होतं.

सगळे मात्र बघत होते लॅपटॉपच्या झाकणावरच्या तांब्याच्या चकतीकडे. ती ऑकलंडहून परतलेल्या होपोआतेनं चिकटवली होती. पृथ्वीच्या पोटातली ऊर्जा ती शोषून बॅटरीला पाजते, म्हणे. गेल्या आठवड्यात त्यानं चमत्कार दाखवला होता. अट एकच, चकती लावली की बारा तास लॅपटॉपला बाहेरची कुठलीच तार जोडायची नाही, ऊर्जा बिथरते. दीड तासात मान टाकणारा लॅपटॉप चार तास चालला. मग जाणत्यांनी ठरवलं, तपासणीच्या दिवशी मोठ्या बेटावरून येणाऱ्या होडीत जनरेटर कशाला? त्या जागी सुरण आणू.

नर्स लोसालिने एकटी भांडली. एकटीच हरली.

५४ टक्के.

तीन बाळं भिंतीवर बघून झाली होती, चौथं चालू होतं. लॅपटॉपचा पंखा भट्टीसारखा घोंघावत होता, बूड हाताला चटका देत होतं.

लोसालिनेनं हळूच विचारलं, बॅटरी इतकी का उतरतेय? होपोआते म्हणाला, इथं कुणीतरी अविश्वासानं बसलंय. सगळ्यांनी तिच्याकडेच पाहिलं.

१२.

लूपेची पाळी. नववा महिना, आणि पहाटे थोडं रक्त गेलेलं. बाळाला पोसणारी वार गर्भाशयात खाली चिकटलेली असेल तर तिला आजच, भरती आहे तोवर, होडीनं मोठ्या बेटावरच्या इस्पितळात न्यायला हवं. हातानं चाचपून ते कळत नाही.

पडद्यावर आकडा आला : उरली सहा मिनिटं.

लोसालिनेनं प्रोजेक्टरच्या तारेला हात घातला. लूपेची सासू आडवी आली. "सगळ्यांची बाळं भिंतीवर दिसली, सिस्टर. आमचंच काय पाप?"

"बाळ दाखवू की सून वाचवू, आई?"

सासूनं हात मागे घेतला. लोसालिनेनं तार उपटली.

पंखा गप्प झाला. मिनिटभरात आकडा बदलला : एकोणीस.

८.

वार खालीच होती, थेट गर्भाशयाच्या तोंडाशी. होडी काढा, तिनं सांगितलं. माणसं धावली.

"चकती जागी झाली बघा," होपोआते म्हणाला.

लोसालिनेचा संयम तिथं संपला. तिनं नखानं चकती खरवडली आणि त्याच्या शर्टाच्या खिशावर चिकटवली. मग सासूच्या हाती तार दिली. "लावा."

लावली. पंखा घोंघावला.

"काढा."

गप्प.

"चकती कुठाय?"

"त्याच्या छातीवर," सासू म्हणाली. "आणि तो तापलेला दिसतोय."

मग लोसालिनेनं चिडूनच समजावलं. या यंत्रात चित्रं काढणाऱ्या दोन चिपा. धाकटी मिताहारी, थोरली खादाड. थोरलीला तिनं काही महिन्यांपूर्वीच झोपवलं होतं. पण बाहेरच्या पडद्याची तार या लॅपटॉपात थोरलीलाच जोडलेली. तार लावली की ती उठते आणि खात सुटते. होपोआतेला हे ठाऊक होतं, म्हणून तर त्यानं बारा तास तार लावू दिली नाही.

"म्हणजे," सासू सावकाश म्हणाली, "बॅटरी आमच्या हौसेनं खाल्ली."

३.

एका म्हाताऱ्यानं तरीही विचारलं, चकती परत लावली तर नुकसान तर नाही ना? लोसालिनेनं डोळे मिटले, दहापर्यंत मोजले.

मग ती त्याच्या शेजारी चटईवर बसली. "आजोबा, चकतीनं नुकसान नाही. जनरेटर मागे राहिला, त्यानं झालं असतं. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर त्यानं काय लावलं ते बघू नका. काय काढायला लावलं ते बघा. आणि मग स्वतःच्या हातानं एकदा ते परत लावून बघा."

बाहेर होडी सुटली होती. लूपे मधोमध आडवी, सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन. होडीत जागा पुरेना, म्हणून सुरण किनाऱ्यावर उतरवून ठेवले होते.