धामणीच्या दांड्याची गोल्फकाठी

मी एक जुनी गोल्फची काठी आहे आणि आधीच सांगते, मला कुणाची कीव नको. माझे पाते गंजले आहे, दांड्यावर चरे पडले आहेत. ते मी कमावलेले आहेत.

मित्रांनो, गोल्फ म्हणजे काय हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. लिंबाएवढा पांढरा, टणक चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि काठीने असा मारायचा की तो शे-दोनशे पावलांवर जाऊन पडला पाहिजे. असे मारत मारत शेवटी त्याला एका लहान भोकात घालायचे. एवढाच खेळ. आमच्या सोलापुरात सात रस्त्याच्या पलीकडे, वस्ती संपते तिथे, साहेब लोकांनी असे एक मैदान केले होते. विलायतेत म्हणे या खेळाला हिरवळ लागते. सोलापूरच्या उन्हात हिरवळ कुठली? इथे भोकाभोवती वाळू पसरून तिच्यावर तेल शिंपडत.

माझे लोखंडी पाते बोटीने आले. पहिला दांडाही तिकडच्याच लाकडाचा होता. तो इथल्या दोन उन्हाळ्यांत चिरफळला. मग मी चनबसप्पाच्या हाती आले. माझे खरे आयुष्य तिथून सुरू झाले, असे मी मानते.

चनबसप्पा मागांचा सुतार. गिरणीत असताना सुताचा जड रूळ त्याच्या डाव्या हातावर पडला आणि तेव्हापासून तो हात कोपरात पुरता वाकेना. गिरणी सुटली. मैदानावरच्या पत्र्याच्या खोलीत बसून साहेबांच्या काठ्या दुरुस्त करण्याचे काम त्याला मिळाले. माझ्यासाठी त्याला वाकून परत सरळ होणारे लाकूड हवे होते. ते त्याला एका पाणक्याच्या जुन्या कावडीत सापडले. धामणीचे लाकूड! वर्षानुवर्षे दोन्ही टोकांना भरलेले हंडे वाहूनही त्याला बाक आला नव्हता. चनबसप्पाने ते तासले, जवसाचे तेल पाजले आणि मुठीवर मागाची मेण लावलेली दोरी घट्ट गुंडाळली. माझे ते रूप पाहून मलाच माझा अभिमान वाटला.

पण माझा मालक होता ब्राइसन साहेब, एका गिरणीचा मोठा अधिकारी. दंड पैलवानासारखे, आणि कंबर मात्र जमिनीत ठोकलेल्या मेखेसारखी. तो नुसत्या हातांनी मला फिरवायचा. चेंडू कधी उजवीकडच्या बाभळीत, कधी डावीकडच्या.

१९२७ सालच्या माघ महिन्यातली गोष्ट. एका सकाळी लागोपाठ तीन चेंडू बाभळीत गेले आणि साहेबाने मला चनबसप्पाच्या दारात फेकले.

"मिस्त्री! ये देसी लकडी निकम्मा है. फेंक दो!"

चनबसप्पाने मला उचलले. माती पुसली. एक डोळा मिटून दांड्यावरून नजर फिरवली आणि शांतपणे म्हणाला, "लकडी सीधी है, साब. खोट तुम्हारी कमर में है. कमर घूमती नहीं, खाली हाथ घूमते."

बाकीचे साहेब हसू दाबत दुसरीकडे पाहू लागले. ब्राइसनचा चेहरा लालबुंद झाला. त्याने समोर बोट दाखवले. एकशेतीस पावलांवर ओढा होता.

"तुम मारो! नाले के पार. एक महिना देता हूँ, तीन बॉल. नहीं गया तो तुम भी बाहर, तुम्हारा लकडी भी बाहर."

"मारूंगा," चनबसप्पा म्हणाला.

मित्रांनो, त्या माणसाने आयुष्यात एकही चेंडू पुऱ्या जोराने मारला नव्हता. सहा वर्षे तो फक्त पाहत आला होता. दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताच त्याने मला मैदानामागच्या माळावर नेले. वीस चेंडू मारले. एकही पन्नास पावलांपुढे गेला नाही. कोपर सुजला. मला राग आला होता, खोटे कशाला सांगू? माझ्या लाकडात जोर होता आणि तो बाहेर काढणारे कुणी नव्हते.

केराबाई हातात खराटा घेऊन हे सारे पाहत होती. पन्नाशी उलटलेली ही बाई सकाळी मैदान झाडायची आणि सुगीत दुपारी भावाच्या शेतावर राबायची.

"मिस्तरी, त्या हातानं कशापायी मारताय? त्यो अधू हाय न्हवं?"

"मग कशानं मारू? पायानं?" चनबसप्पा वैतागून म्हणाला.

"व्हय की! पायानं, कमरनं. दुपारच्याला रानात या, दावते."

मंगळवेढ्याच्या रस्त्याला तिच्या भावाचे शेत होते. ज्वारी काढून झाली होती आणि कडब्याची गंज रचायचे काम चालू होते. केराबाईने एक पेंढी दोन्ही हातांनी धरून उजव्या मांडीशी नेली. तिचे सगळे अंग मागे वळले, पाठ गंजीकडे झाली. मग आधी पाय दाबला गेला, त्यामागून कंबर फिरली, कमरेमागून खांदे, आणि पेंढी दीड पुरुष उंच गंजीवर जाऊन अलगद बसली. बाईला धापसुद्धा लागली नाही.

"हात ढिलं सोडायचं," ती म्हणाली. "हात निस्ती दोरी हाय. वडणारं अंग येगळं."

चनबसप्पाची पहिली पेंढी सुटून त्याच्याच डोक्यावर पडली. केराबाई पदर तोंडाला लावून हसली. मग तिने दुसरी त्याच्या हातात दिली. पाचव्या दिवशी त्याची पेंढी गंजीवर पोहोचली.

पण चेंडू खाली जमिनीवर असतो आणि पेंढी वर जाते. हा फरक चनबसप्पाने सुताराच्या डोक्याने मिटवला. त्याने मला खांद्यांवर आडवी ठेवली, दोन्ही हात छातीवर फुली करून मला धरले आणि पुढे किंचित वाकून तो वळू लागला. डोके स्थिर, नजर जमिनीवरच्या एका खड्यावर. पाठ पुरती ओढ्याकडे वळेपर्यंत मागे, छाती ओढ्याकडे येईपर्यंत पुढे. रोज सकाळी शंभर वेळा.

नंतर त्याला आपली दुसरी चूक सापडली. वळण्याऐवजी तो नुसता बाजूला सरकत होता. मग तो घरासमोरच्या कडुनिंबाला पाठ करून, बोटभर अंतर ठेवून उभा राहू लागला. मागे वळताना उजवा कुल्ला खोडाला लागला पाहिजे आणि पुढे येताना डावा. नुसता सरकला की खोड लागत नसे, आणि तो पुन्हा पहिल्यापासून मोजू लागे.

त्याची बायको रत्नम्मा एक दिवस चिडलीच. "शेजारणी विचारतात, तुमचा धनी म्हशीसारखा झाडाला का घासत असतो? काय सांगू मी?"

"नगली बिडु," चनबसप्पा त्यांच्या घरच्या कानडीत म्हणाला. म्हणजे, हसतात तर हसू दे.

ठरलेला दिवस आला. आठ-दहा साहेब खुर्च्या टाकून बसले होते. केराबाई लांबून मैदान झाडत होती. चनबसप्पाने पहिला चेंडू ठेवला. त्याच्या तळहाताचा घाम माझ्या दोरीत उतरत होता. त्याने घाईने मला हाणले. माझे पाते चेंडूच्या डोक्यावरून घसरले आणि तो वीस पावले घरंगळत गेला. खुर्च्यांवर हशा पिकला.

दुसरा चेंडू. या वेळी जोर लावला, पण तो हातांचा जोर. कोपरातली कळ माझ्यापर्यंत पोहोचली. चेंडू उंच गेला आणि ओढ्याच्या चिखलात पडला.

"एक बाकी," ब्राइसन म्हणाला.

तेवढ्यात मैदानाच्या कडेवरून खणखणीत आवाज आला.

"मिस्तरी! पेंढी टाका, पेंढी!"

चौकीदार तिच्यावर ओरडला. ती तशीच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. चनबसप्पाने डोळे मिटून एक श्वास घेतला, हात सैल केले आणि वळला. कडुनिंबाशी शिकलेले वळणे, गंजीपाशी शिकलेले फिरणे, सारे एका लयीत आले. मी कावडीसारखी वाकले आणि सुटले. चेंडूला लागल्याचा आवाज अगदी बारीक झाला. चेंडू ओढ्यावरून गेला, पलीकडच्या कापलेल्या ज्वारीच्या सडांत पडला आणि तिथली टिटवी ओरडत उडाली.

मग ब्राइसन उठला. "तुक्का! एक बार फिर मारो."

"शर्त तीन की थी, साब," चनबसप्पाने मला त्याच्यासमोर धरले. "चौथा तुम मारो. लकडी यही है."

साहेबाला मागे हटता येईना. त्याने मला हिसकावून घेतले आणि मेखेसारखा उभा राहून मारले. चेंडू ओढ्यात गेला. त्याने मला तिथेच टाकले आणि तो निघून गेला.

तुम्हाला वाटेल, चनबसप्पाचे काम राहिले. नाही राहिले, मित्रांनो. दुसऱ्या दिवशी चौकीदाराने त्याच्याकडून खोलीची किल्ली मागून घेतली, आणि केराबाईलाही खराटा ठेवून जायला सांगितले. दोघांनी विनवणी केली नाही. नोकरांनी मागच्या फाटकाने जायचे असा तिथला नियम होता. चनबसप्पाने मला खांद्यावर टाकले आणि ती दोघे पुढच्या फाटकातून, साहेबांच्या मोटारींमधून चालत बाहेर पडली.

"आता काय करायचं वो, मिस्तरी?" रस्त्यावर आल्यावर केराबाईने विचारले.

"तुझ्या भावाचं रान मोकळं झालं ना?" चनबसप्पा म्हणाला.

त्या वर्षापासून सुगी उरकली की त्या रानात दर रविवारी खेळ होऊ लागला. चनबसप्पा पुन्हा मागांची सुतारकी करू लागला आणि उरल्या वेळात धामणीच्या काठ्या घडवू लागला. विणकर आले, शेतकरी आले, दोन मास्तर आले. नवीन येणाऱ्याला केराबाई आधी पन्नास पेंढ्या टाकायला लावते. एकदा टोपीवाली एक मडमही आली, तिलाही पन्नासच.

आता १९३८ साल चालू आहे. गेल्या महिन्यात त्याच मैदानाचा नवा कारभारी चनबसप्पाकडे आला होता. आमच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ही काठी ठेवू, खाली पितळी पाटी लावू, असे तो म्हणत होता.

"तिला खेळायला बोलवा, घेऊन येतो," चनबसप्पा म्हणाला. "पेटीत बसायला ती येणार न्हाय."

अगदी माझ्या मनातले बोलला!

मित्रांनो, वस्तू जपा असे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगते. माझ्या दांड्याला वर्षातून दोनदा तेल द्या, मला उन्हात टाकून जाऊ नका, ओली झाले तर पुसा. आणि मग मला हातात घ्या, अंगात असेल नसेल तेवढे सारे वळवा आणि मारा. मोडले तर मोडले. धामणीची झाडे अजून उभी आहेत आणि चनबसप्पाच्या तासणीला धार आहे.