कोरडी नळी

“मी येईपर्यंत त्या नळीले पाण्याचा थेंब लागू देऊ नका, बाई. कोणी काही म्हणो.”

नागपूरच्या गाडीत चढताना इंजिन बसवणारा इनायतभाऊ एवढंच बोलला होता, आणि शकुबाईनं घरच्या नवरात्राच्या घटाला स्मरून त्याला शब्द दिला होता.

भारनियमनाला कंटाळून कुरखेड्याच्या धानगिरणीत तुसाच्या आचेवर चालणाऱ्या स्टर्लिंग इंजिनाची चाचणी चालली होती. भट्टीत तूस टाकायचं काम शकुबाईकडे. भट्टीची आच इंजिनाला पोचवायला सोडियम भरलेली बंद पोलादी नळी होती. तापलं की आतल्या सोडियमची वाफ व्हायची, इंजिनाच्या टोकाला आच देऊन थेंबाथेंबानं माघारी यायची. परवा चाक झकास फिरत असताना नळीच्या सांध्यातून पांढरा धूर आला. केसाएवढी चीर. आत पाणी गेलं तर भडका उडेल, असं सर्वांना बजावून इनायतभाऊ नवी नळी आणायला गेला. उद्या दुपारच्या गाडीनं येणार होता.

आणि उद्याच नवमी. गिरणीतली सारी यंत्रं पहाटे धुऊन पुजायची, हा गिरणीमालक गुणवंतरावांचा वर्षानुवर्षांचा नेम. शकुबाईनं त्यांना चिरेची पुन्हा आठवण दिली. पावसाळ्यात छप्पर गळून याच नळीवर पाणी पडलं होतं, तेव्हा काही झालं नाही, असं म्हणून त्यांनी ते उडवून लावलं. तेव्हा नळी धड होती, हे तिनं सांगून पाहिलं. मग हळूच म्हणाली, “यंदा कोरडीच पूजा करू, भाऊ. कुंकू, अक्षता, झेंडू.”

गुणवंतराव हसले. “तू आपल्या देवाले आंघोळीबिगर फूल वाहतेस का, शकुबाई?”

बाकीचेही हसले. ती खरंच कधी वाहत नव्हती.

घरी आली तरी ते बोलणं उरात सलत राहिलं. आपण देवीचा अवमान तर करून राहिलो नाही ना? पण डोळ्यांपुढे बादल्या घेऊन उभी राहणारी माणसं येत. तिच्या रोजच्या ओळखीची.

पहाटे तिनं देवांना आंघोळ घातली, घटाच्या अखंड दिव्यात तेल ओतलं आणि सुनेला हाक दिली. नऊ दिवस तो दिवा तिनं कधी कोणाच्या हवाली केला नव्हता.

“दिव्यानी, दुपारपर्यंत याच्याजवळ बस. विझू देऊ नको.”

“तुम्ही कुठी, आई?”

शकुबाईनं पदरानं कोपरापर्यंत हात कोरडे पुसले, पाण्याचा तांब्या उंबऱ्याच्या आत ठेवला, आणि नळीपुढे बसायला पोतं काखेत मारून गिरणीच्या वाटेला लागली.