कुंडीखालचा हिरवा

मित्रांनो, सूनबाईंना या सगळ्या उलाढालीत मिळणार होती एक भिंत. सात फूट लांब, खिडकीपासून दारापर्यंत. दोन महिन्यांनी घरात बाळ येणार होते आणि पाळणा ठेवायला दुसरी जागा नव्हती. त्या भिंतीला पुस्तकांची तीन कपाटे होती, त्यांतली दोन हलली की काम झाले. सासऱ्यांना मिळणार होते एक पुस्तक, तेही सापडले तर. त्यांच्या मुलाला मिळणार होती बायको आणि बाप यांच्या मधोमध उभे राहण्यापासून सुटका. आणि रद्दीवाल्याला मिळणार होते मी.

मी एक जुनी कादंबरी आहे. नाव सांगून उपयोग नाही, तुम्ही ते ऐकलेले नसणार. ते माझ्या पाठीवर सोनेरी अक्षरांत होते, पण ती अक्षरे केव्हाच झडली.

माझा जन्मच चुकीचा. छापखान्यात सोळा सोळा पानांचे गठ्ठे छापतात, त्याला फॉर्म म्हणतात. माझ्या वेळी शेवटचा फॉर्म कमी पडला. माझ्या गोष्टीतला नायक बारा वर्षांनी घरी परततो, दाराच्या कडीला हात घालतो, आणि तिथेच पान संपते. आत कोण आहे, दार उघडते का, काही कळत नाही. अशा प्रतींना छापखान्यात कोपऱ्यातली टोपली दाखवतात.

त्या टोपलीवर एका तरुण बाइंडरचा डोळा असे. पुढे गल्लीतली मुले त्याला खळबाबा म्हणू लागली, कारण त्याच्या बोटांना कायम खळीचा वास येई आणि बोलता बोलता तो ती वाळलेली खळ नखाने सोलत बसे. मालकाला विचारून तो वाया गेलेली पुस्तके घरी आणी. कुणाची पाने उलटी, कुणाची दोनदा, कुणाची शाई फुटलेली. कापड मात्र तो विकत घेत नसे. मोठ्या कामातून जे तुकडे उरत, तेच या पुस्तकांना चढत.

त्या आठवड्यात दवाखान्याची रजिस्टरे बांधली जात होती, म्हणून मला हिरवे कापड आले. कोवळ्या पानासारखे हिरवे. नेहमी तो पाच टाके घाली. मला त्याने सात घातले, आणि गोष्ट जिथे तुटत होती तिथे सोळा कोरी पाने जोडली. मग मला घरी नेऊन आपल्या नव्या नवरीच्या हातात दिले. तिला तो थट्टेने मालकीणबाई म्हणे. पुढे जन्मभर तेच नाव राहिले.

“याला शेवट नाहीये,” ती म्हणाली.

“पानं दिलीत ना? लिही तू.”

“आणि वाचणार कोण?”

“मी वाचेन की. सवड झाली की.”

मित्रांनो, ही सवड चाळीस वर्षांत झाली नाही. खळबाबाने हजारो पुस्तके बांधली आणि एकही वाचले नाही. गवंडी काय प्रत्येक घरात राहायला जातो का, असे तो वर विचारी. बांधायची त्याने, वाचायची तिने, अशी वाटणी झाली होती. मालकीणबाईंनी माझ्या कोऱ्या पानांवर शेवट लिहिला. काय लिहिलेस म्हणून त्याने कधी विचारले, तर त्या म्हणत, वाचा की, तोंड दुखतं का डोळे दुखतात?

खळबाबाच्या तोंडी एक वाक्य ठरलेले होते. गिऱ्हाईक आले की तो नवे पुस्तक हातावर आपटून म्हणे, “माझ्या कापडाचा रंग उडत नाही.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की माझ्या छापील मजकुरात नसूनही ते मला पाठ आहे.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत असे. हात रिकामा झाला की मालकीणबाई मला उघडत. पण काही वर्षांनी त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. मला खिडकीतच आडवे ठेवले, माझ्यावर पत्र्याची ताटली ठेवली आणि ताटलीत कुंडी. खरे सांगते, मला राग आला. सात टाक्यांची कादंबरी, आणि तिचा पाट केला. रोज सकाळी त्या कुंडी उचलत, पाणी घालत, खाली टिपूस पडला नाही ना हे पदराने पुसून बघत आणि कुंडी पुन्हा माझ्यावर ठेवत. असे किती वर्षे चालले, ते मोजायचे मी सोडून दिले.

मग एक दिवस कुंडी कुणी उचलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरात माणसांची ये-जा वाढली, बोलणे कमी झाले. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांच्या मुलाने वाळलेले झाड बाहेर नेले आणि मला उचलून कपाटाच्या तळाच्या फळीवर कोंबले. त्याचे डोळे पुस्तकाकडे नव्हते. त्याला मी दोष देत नाही.

सहा वर्षे मी तिथे होते. धूळ, अंधार आणि शेजारी एक व्याकरणाचे पुस्तक. त्याच्याविषयी चांगले बोलायचे म्हणून मी गप्प राहते.

दरम्यान खळबाबांच्या, म्हणजे आता सूनबाईंच्या सासऱ्यांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. माणसांचे आकार दिसत, रंग दिसत, अक्षर मात्र दिसेना. आणि तेव्हाच त्यांना, वाचता येईनासे झाल्यावर, मी आठवले. भिंतीचा विषय निघाला तेव्हा त्यांनीच तोडगा काढला.

“दोन कपाटं न्या. माझी ना नाही. पण माझं हिरवं पुस्तक सापडेपर्यंत एक पान बाहेर जाणार नाही.”

पुस्तकाचे नाव त्यांना आठवत नव्हते. शेवटी सोळा पाने हाताने लिहिलेली आहेत आणि कापड हिरवे आहे, एवढीच खूण. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला काम सुटसुटीत आवडते. तो म्हणाला, नऊशे पुस्तकं आहेत, सगळ्यांची शेवटची पानं बघून टाकू. बाबा म्हणाले, हिरवं म्हणजे हिरवं, बाकीच्यांना हात लावून माझा वेळ घालवू नका. मुलाने बायकोकडे पाहिले. बायकोने छताकडे.

सूनबाई रंगाच्या दुकानात काम करतात. डब्यात थेंब थेंब रंग सोडून गिऱ्हाइकाला हवी ती छटा जुळवून देतात. त्यांच्या डोळ्याला एका पिवळ्यात अकरा पिवळे दिसतात. त्यांनी ठरवले, सगळी पुस्तके रंगाप्रमाणे लावायची. हिरवी एका जागी आली की सासऱ्यांचे काम होईल, आणि जी ठेवायची ती नीट दिसतील. आठ दिवस, दुकानातून आल्यावर चहा घेऊन, त्या जमिनीवर बसत. बाबा खुर्चीत. त्या एकेक पुस्तक वर धरत आणि ती दोघे भांडत.

“हा लाल कुठला, बाबा?”

“गडद, की विटकरी?”

“विटकरीच्या अलीकडचा. आमच्याकडे याला भाजलेली माती म्हणतात.”

“नावं ठेवायचे पैसे घेता वाटतं. कोर्टाच्या फायलींचं आहे ते. त्या साली तुझ्या नवऱ्याला गोवर आला होता. कापडापेक्षा तोच लाल दिसायचा.”

असे ते सुरू झाले. निळे निघाले ते शाळेच्या हजेरीपटांचे, बाबांनी पहिली सायकल घेतली त्या वर्षाचे. राखाडीच्या दोन पूर्ण रांगा भरल्या, तेव्हा सूनबाई म्हणाल्या, एवढं राखाडी आवडायचं का तुम्हाला? बाबा हसले. त्या दोन वर्षांत बाजारात दुसरे कापडच नव्हते, आणि घरात दुसरी भाजी नव्हती. जांभळ्याचे एकच पुस्तक होते. कुणा बँडवाल्याच्या हिशेबवहीचा तुकडा. तो बँड त्यांच्याच लग्नात बेसूर वाजला होता.

पुस्तकात काय आहे हे बाबांना ठाऊक नव्हते. पण रंग सांगितला की ते साल सांगत, भाडे सांगत, कुणाशी अबोला होता तेही सांगत. हा माणूस काहीच वाचत नाही असे सगळे समजत होते, आणि तो नऊशे पुस्तके नुसत्या कापडावरून वाचत होता. सूनबाईंनी चौथ्या दिवसापासून कागदावर टिपून ठेवायला सुरुवात केली.

काळे एक निघाले. त्या थांबल्या.

“ते शेवटचं,” बाबा म्हणाले. “ती गेल्यावर एकच बांधलं. मग सुई धरली नाही.”

सूनबाईंनी ते पुसून बाजूला ठेवले आणि पुढचे पटकन उचलले. ते पुढचे म्हणजे मी.

मित्रांनो, त्या हातात मी किती आशेने गेले, काय सांगू. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले. माझी पाठ गवतासारखी वाळलेली, दर्शनी बाजू फिकट मातकट, मागची खिडकीच्या ओलीने काळी पडलेली. दर्शनी बाजूच्या मधोमध बशीएवढा एक गोल, गडद. त्यांनी ओल्या फडक्याने तो घासला. गेला नाही.

“हे पिवळ्यातही बसत नाही,” त्या म्हणाल्या, “आणि वर हा डाग. शेवाळ धरलंय बहुतेक.”

मी खराब पुस्तकांच्या ढिगात पडले. माझे शेवटचे पान कुणी उघडले नाही, कारण मी हिरवी नव्हते.

हिरवी पुस्तके त्रेचाळीस भरली. एकातही हाताने लिहिलेली पाने नव्हती. बाबांनी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस स्वतःच्या मांडीवर घेऊन शेवटची पाने बोटांनी चाचपली. मग मुलाकडे तोंड करून म्हणाले, “तूच टाकलंस रद्दीत. तेव्हा.”

मुलगा ती त्रेचाळीस पुस्तके परत रचू लागला. त्यालाही तसेच वाटत होते, हे मला त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून कळले. दोन दिवस बापलेक एका टेबलावर जेवले आणि मीठसुद्धा सूनबाईंमार्फत मागितले. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, न्या सगळं, माझं काही अडलेलं नाही. वाचनालयाचे ग्रंथपाल येऊन दोन कपाटांतली चांगली पुस्तके निवडून घेऊन गेले. डागाळलेली आम्ही घेत नाही, असे अगदी मऊ आवाजात म्हणाले. आमचा ढीग सुतळीने बांधून दाराशी ठेवला गेला. रद्दीवाला रविवारी येणार होता.

शनिवारी दुपारी सूनबाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आल्या. रंग लागलेला दुकानातला कोट अंगात तसाच. कुणाशी न बोलता त्या दाराशी बसल्या आणि जमेल तसे वाकून सुतळी सोडू लागल्या. नवरा धावला, म्हणाला, तू वाकू नकोस, काय हवंय ते सांग.

नंतर त्यांनीच सगळे सांगितले. सकाळी दुकानात एक माणूस भिंतीचा पोपडा घेऊन आला होता, असाच रंग द्या म्हणून. त्या रोज सगळ्यांना सांगतात तेच त्याला म्हणाल्या: हा उन्हाने गेलेला रंग आहे, घरी जाऊन तसबीर उतरवा, भिंतीचा खरा रंग तसबिरीमागे असतो. एवढे बोलल्या आणि त्यांच्या हातातला डबा तसाच राहिला.

“डाग नव्हता तो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “तेवढाच रंग उरलाय. बाकी सगळा डाग आहे.”

त्यांनी मला बाबांच्या मांडीवर ठेवले. बाबांनी मला खिडकीकडे धरून पाहिले आणि मान हलवली.

“हे नव्हे. हे पिवळट आहे. माझ्या कापडाचा रंग उडत नाही.”

सूनबाईंनी वाद घातला नाही. कापड पुठ्ठ्यावरून आत दुमडतात, तिथली कागदाची कड त्यांनी नखाने अलगद उचलली. आत ऊन कधी पोचलेच नव्हते. मी तिथे अजून जन्माच्या दिवसाइतकी हिरवी होते. बाबांनी पाहिले, पण पाहिले असे कबूल केले नाही. त्यांचा अंगठा मात्र माझ्या मधल्या पानांत शिरला आणि टाके मोजू लागला. पाचाशी थांबला. मग सहा. मग सात.



“उडाला की गं,” ते म्हणाले.

मग मुलाला हाक मारून त्यांनी शेजारी बसवले, आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. माफी वगैरे मागायची त्या घरात पद्धत नाही. हात मात्र बराच वेळ तिथे होता.

सूनबाईंनी शेवट वाचला. त्यात नायक कडी वाजवतो, आतून बायको विचारते कोण आहे, आणि तो बारा वर्षांचे काही न सांगता नुसते ‘मी’ म्हणतो. ती म्हणते, मग एवढं वाजवायचं काय, दार उघडंच आहे. संपले. बाबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले.

पण सोळाव्या पानावर, तळाला, वेगळ्या शाईत आणखी चार ओळी होत्या. सूनबाईंनी त्या आधी मनात वाचल्या, मग मोठ्याने.

“कापडाचा रंग उडायला लागलाय. यांना सांगितलं तर जेवण जाणार नाही. म्हणून वर कुंडी ठेवली आहे, कोणी विचारलं तर जागा नव्हती म्हणेन. निदान तेवढा तरी हिरवा राहील, यांना दाखवायला.”

तर मित्रांनो, आता मी राहिलेल्या एका कपाटात आहे, हिरव्या रांगेच्या अगदी मधोमध. त्रेचाळीस हिरव्यांत एक मातकट. सूनबाईंच्या दुकानात हे कुणी पाहिले तर त्यांची नोकरी जाईल, असे त्या स्वतःच म्हणतात. तुमच्या घरी असे एखादे विटलेले पुस्तक असेल, तर टाकण्याआधी एवढेच करा: ते उघडा, त्याची दुमड उचलून बघा, आणि त्याच्यावर कुणी काय ठेवले होते ते घरातल्या मोठ्यांना विचारा.

आता कुणाच्या पदरातून काय गेले, तेवढे सांगते. सूनबाईंनी एक सरळ रंगीत रांग दिली आणि भिंत मिळवली. पाळणा छान बसतो तिथे. मुलाने दोन दिवसांचा अबोला भरला. बाबांनी चाळीस वर्षांची फुशारकी दिली. गिऱ्हाईक आता नाही, तरी सवय मोडताना त्यांना जडच गेले. मी माझा रंग दिला.

सगळ्यांत जास्त मात्र मालकीणबाईंनी भरले. माझ्यावरच्या त्या हिरव्या गोलाची कड आजही एका रेघेची आहे, कुठेही पुसट नाही. म्हणजे इतकी वर्षे त्यांनी रोज कुंडी उचलली, आणि रोज, केसभरही न सरकवता, परत तिथेच ठेवली.