ताकिझोंची दाढी

साडेदहाची गाडी थांबली, दार उघडलं, पण कुणीच उतरलं नाही.

"मावशी, आजही नाहीत हो आजोबा!" एकाच डब्याच्या त्या गाडीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून सांगितलं.

किनुए फलाटावर तशीच उभी राहिली. मागच्या खेपेला तिला वाटलं होतं, सर्दी-पडसं असेल.

हिनोसावा स्टेशनात रेल्वेचा एकही माणूस उरला नाही, तेव्हा रिकाम्या तिकीटखोलीत तिनं आपलं केशकर्तनालय थाटलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. लाकूडतोडे ताकिझो तिचं पहिलं गिऱ्हाईक. पुढे मुलानं त्यांना शहरात नेलं, तरी एकाआड एक मंगळवारी ते गाडीनं दाढीला यायचे. दाढी अर्ध्या तासाची, परतीची गाडी मात्र दीडला. तोवर ते खुर्चीतच झोपत, आणि जाग आली की तिच्या डब्यातलं मुळ्याचं लोणचं मागत.

"शहरातले न्हावी मेले का सगळे?" ती विचारायची.

"आहेत की. पण मेले दाढी झाली की उठवतात गं!"

तिनं त्यांच्या सुनेला फोन लावला. ताकिझो तीन आठवड्यांपासून दवाखान्यात होते.

"कुणाला ओळखत नाहीत आता," सून म्हणाली. "आणि दाढीला हात लावू देत नाहीत. परवा नर्सच्या हातावर फटका मारला."

किनुएनं वस्तरा नि ब्रश फडक्यात गुंडाळले, दुकानाला कुलूप लावलं आणि दीडची गाडी पकडली.

ताकिझो खाटेत अर्धे झाले होते. उशाशी बसलेल्या सुनेला नि नर्सला विचारून तिनं त्यांच्या तोंडावर गरम टॉवेल ठेवला. हळूहळू त्यांचे खांदे सैल पडले.

"गाडीला किती वेळ आहे गं?" टॉवेलखालून आवाज आला.

किनुएचा हात थांबला. मग तिनं साबण फेसायला घेतला.

"पुष्कळ आहे, आजोबा. पडा निवांत."

गालावरच्या जुन्या व्रणाला वळसा घालत तिनं सावकाश वस्तरा फिरवला. हनुवटीशी येईपर्यंत ते घोरायला लागले.

"उठवू का?" सुनेनं विचारलं.

"नको. राहू दे."

शेजारच्या खाटेवरचे म्हातारबा मघापासून बघत होते. त्यांनी स्वतःच्या दाढीच्या खुंटांवरून तळवा फिरवला.

"बाई... माझी पण जमेल?"

किनुएनं भांडं उचललं आणि ती गरम पाणी बदलून आणायला गेली.