तपासणीच्या आधीचा उपास

थायलंडमधल्या खोन केनकडच्या एका गावात साखरेच्या तपासणीत खामपुन म्हातारीचा हात धरणारं कोणी नव्हतं. एरवी चिकट भाताची टोपली तिच्या मांडीवरून हलायची नाही. पण तपासणी तोंडावर आली की भात बंद, नुसता उकडलेला पाला आणि गुळवेलीचा कडूजहर काढा. रक्तातली साखर मुकाट खाली यायची. दवाखान्यातली नर्स वन्ना कौतुक करायची आणि म्हातारी बाकीच्या बायकांकडे बघून म्हणायची, "शिका जरा!"

शिकल्या. सगळ्यांत आधी तिची लेक पायोम शिकली.

यंदा दवाखान्यात डोळ्यांचं यंत्र आलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढायचा, आणि साखरेनं तिथं काही नासवलंय का ते एआयनं तिथल्या तिथं सांगायचं. मायलेकी नेहमीसारख्या पाला खाऊन गेल्या.

"या डबड्याला आतलं दिसतं?" अंधाऱ्या खोलीत स्टुलावर बसत खामपुन म्हणाली. "मग माझ्या जावयाच्या डोक्यात काय आहे तेही विचार. मला तर काहीच सापडलं नाही."

यंत्रानं तिचे डोळे चांगले ठरवले. म्हातारी ताठ मानेनं उठली. "बस गं पायोम."

पायोमचा फोटो वन्नानं काढला. मग पुन्हा काढला. यंत्रावरची लाल खूण काही जाईना.

"पायोमताई, डाव्या डोळ्यानं दिसतं का तुम्हाला?"

"सावली दिसते," पायोम खाली मान घालून म्हणाली. "उजव्यातही धुकं असतं हल्ली."

"धुकं कसलं? कालच मागावर बसली होती ही!" खामपुन कडाडली. "पोरी, तुझं यंत्र बिघडलंय. हिची साखर माझ्याहून कमी येते."

"आजी, तुमचा तो उपास रक्ताला फसवतो. डोळ्याला नाही." वन्नाचा आवाज खाली आला. "आजच शहरातल्या इस्पितळात न्या. लेझरनं उजवा वाचला तर वाचेल. डाव्याचं मी काही बोलत नाही."

खामपुन लेकीकडे वळली. "मला का नाही बोललीस, मेले?"

"काय बोलणार, आई? तूच म्हणायचीस, आकडा नीट आला की आजार गेला. आकडा तर नीटच येत होता."



बाहेर पायरीखाली सगळ्यांच्या चपला काढलेल्या होत्या. पायोम वाकून हातानं चाचपत होती. एक उचलायची, अंगठ्यानं दाबून बघायची, खाली ठेवायची. दारातल्या बायका बघत होत्या.

त्या मुलखात थोरानं धाकट्याच्या पायाशी वाकायचं नसतं. खामपुन गुडघे मोडून मातीत बसली. लेकीच्या चपला तिनं शोधून काढल्या आणि तिच्या पायांपुढे धरल्या.

"आई, ऊठ! पाप लागेल मला. लोक बघतायत."

"बघू देत," म्हातारी म्हणाली. "पाय पुढे कर. शहराची गाडी सुटेल."