बुडाचा पेच

"जगात आजवर जेवढी साम्राज्यं बुडाली," बंदूकमिस्त्रींनी पाना उंचावून जाहीर केलं, "तेवढी सगळी बुडाकडूनच बुडाली!"

"मग तुमचं जरा उचला," बायको म्हणाली. "मला केर काढायचाय."

मिस्त्री स्टुलावरून उठले. समोर शेगड्याच्या लोखंडी जबड्यात, दोन लाकडी फळ्यांमध्ये, ठासणीच्या बंदुकीची नळी आवळलेली होती. हिच्यात दारू, गोळी सगळं तोंडातून ठासायचं. म्हणून बूड एका जाड पेचानं बंद केलेलं. तो पेच काढून आतला गंज साफ करायचा, एवढंच काम. आत जुनी दारू उरलेली नाही, हे गज घालून आधीच पाहून झालं होतं. तीन दिवस पेच तेलात मुरत होता आणि तीन दिवस जागचा हलला नव्हता.

बंदूक संग्रहालयाची. काम झालं तर कपाटातल्या पाटीवर 'देखभाल' या शब्दापुढे मिस्त्रींचं नाव येणार होतं. आजवर ते एकदाच छापून आलं होतं, स्वतःच्या लग्नपत्रिकेत. तेही चुकीचं.

संग्रहालयाचे साहेब वही उघडून बसले होते.

"आट्यांना बोटभर ग्रीस न लावता आवळलाय!" मिस्त्री गरजले. "वर पान्याला लटकून! गाढवानं आवळलाय, गाढवानं!"

"'पूर्वीची दुरुस्ती गाढवाने केलेली,'" साहेबांनी लिहिलं. "गाढव एक की अनेक?"

"एकच. पण जातिवंत."

"जोर पान्याला लावा," बायको म्हणाली, "तोंडाला नको."

मिस्त्रींनी बुडावर उकळतं पाणी ओतलं, पाना अडकवला आणि दात-ओठ खाल्ले. कर्रर्र झालं. पेच सुटला! त्यांनी तो फडक्यानं पुसला, आणि त्यांचा हात थांबला. आट्यांच्या कडेला एक चांदणी ठोकलेली होती. एक टोक तुटकं.

तीच चांदणी घरातल्या चिमट्यावर होती, कात्रीवर होती, दाराच्या कडीवरही होती. बायकोनं एकदा पेचाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि झाडलेलाच कोपरा पुन्हा झाडायला घेतला.

"ही खूण कुणाची?" साहेबांनी विचारलं.

'असेल कुणाची तरी' एवढं म्हटलं की पाटी पक्की होती. मिस्त्रींचं तोंड उघडलं, मिटलं.

"माझी," ते म्हणाले. "चाळीस वर्षं झाली. दुकान नवं होतं. घाई असायची. दस्ता बदललाय हिचा, म्हणून ओळखलं नाही."

मिस्त्रींनी नळी घासली, आरपार उजेड दिसेपर्यंत. बायकोनं न मागता ग्रीसचा डबा पुढे सरकवला. त्यांनी एकेक आटा माखला आणि पेच हलकेच फिरवत नेला. पेचावरची रेघ नळीवरच्या रेघेसमोर आली, तसे थांबले.

"पाटीवर तुमचं नाव घालतो," साहेब म्हणाले. "चाळीस वर्षांनी का होईना, काम पुरं केलंत. वहीतही घालू का, त्या गाढवापुढे?"

मिस्त्रींनी कपाळ पुसलं. कपाळाला ग्रीस लागलं.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "खोडरबर आहे का हो तुमच्याकडे?"